एक कार्यशाळा, सहा पाट्या

वर्षाकाठी शे-दोनशे किंवा फार तर काही हजार स्पोर्ट्स कार बनवणाऱ्या छोट्या कंपनीला मोटार-शर्यतींच्या सर्वोच्च पातळीवर, म्हणजे फॉर्म्युला वनमध्ये, उतरण्याची ओढ का वाटते आणि उतरल्यावर तिचे काय होते, हा प्रश्न वरवर पाहता युरोपातील मोटार-उद्योगाचा आहे; पण त्याच्या उत्तराचे काही धागे अंधेरी, विलेपार्ले आणि कांदिवली या मुंबईच्या उपनगरांपर्यंत येऊन पोहोचतात. स्पायकर ही नेदरलँड्समधील छोटी कंपनी २००६ साली फॉर्म्युला वनमध्ये आली, जेमतेम वर्षभर टिकली आणि तिचा संघ भारतीय मालकाने विकत घेऊन त्याला ‘फोर्स इंडिया’ असे नाव दिले. त्या संघाची पहिली गाडी, व्हीजेएम०१, फेब्रुवारी २००८ मध्ये मुंबईत जगासमोर आणण्यात आली. हाच संघ पुढे अ‍ॅस्टन मार्टिन या दुसऱ्या छोट्या स्पोर्ट्स कार कंपनीच्या नावाने धावू लागला. त्यामुळे छोट्या उत्पादकाचे सर्वोच्च शर्यतीशी असलेले नाते समजून घ्यायला या एका संघाचा इतिहास इतर कोणत्याही उदाहरणापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

फॉर्म्युला वनची रचना आधी समजून घ्यावी लागते. येथे भाग घेणाऱ्या संघाला ‘कन्स्ट्रक्टर’ म्हणजे गाडीचा रचनाकार मानले जाते आणि गाडीचा मुख्य सांगाडा व तिचे बाह्यांग त्याने स्वतः आखलेले असावे, अशी अपेक्षा असते. इंजिन मात्र दुसऱ्याकडून विकत किंवा भाड्याने घेता येते. गाडी रस्त्यावर घट्ट चिकटून राहावी म्हणून तिच्यावरून आणि तिच्याखालून वाहणाऱ्या हवेचा असा उपयोग केला जातो, की वेग वाढेल तसा गाडीला खाली दाबणारा जोरही वाढत जातो. विमानाच्या पंखाला हवा वर उचलते, तर इथे तोच पंख उलटा बसवलेला असतो. हा जोर नेमका किती मिळतो हे पाहण्यासाठी वायुबोगदा लागतो, म्हणजे गाडीची लहान प्रतिकृती स्थिर ठेवून तिच्यावर प्रचंड वेगाने हवा सोडण्याची सोय. आणि त्याच्या जोडीला संगणकावर हवेचा प्रवाह मांडणारे शेकडो अभियंते लागतात. रस्त्यावरची सुंदर स्पोर्ट्स कार बनवणाऱ्या कंपनीजवळ यांपैकी जवळजवळ काहीच नसते, कारण तिचे सारे कौशल्य आकारात, चामड्याच्या आसनांत, हाताने ठोकलेल्या पत्र्यात आणि बाहेरून आणलेले इंजिन नीटपणे बसवण्यात असते.

असे नेहमीच नव्हते, आणि हा फरक लक्षात घेतल्याशिवाय स्पायकरच्या धाडसाचे मूल्यमापन नीट होत नाही. लंडनजवळच्या सर्बिटन येथील एका गॅरेजमधून चालणाऱ्या कूपर या पिता-पुत्रांच्या कंपनीने इंजिन चालकाच्या मागे बसवलेल्या हलक्या गाड्या बनवल्या आणि त्यांच्या गाडीतून जॅक ब्रॅबहॅमने १९५९ व १९६० अशी लागोपाठ दोन वर्षे विश्वविजेतेपद मिळवले. त्याच १९५९ सालात अ‍ॅस्टन मार्टिनने फ्रान्समधील ल माँ येथील २४ तासांची शर्यत जिंकली होती, पण फॉर्म्युला वनमध्ये तिने आणलेली गाडी इंजिन पुढे असलेल्या जुन्या घडणीची असल्याने एकही गुण न मिळवता मागे पडली आणि पुढच्याच वर्षी कंपनी तिथून बाहेर पडली. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीची कथा याहून बोलकी आहे. गिऱ्हाईकाने घरी जोडून घ्यावी अशी ‘सेव्हन’ नावाची साधी, उघडी, अत्यंत हलकी गाडी लोटसने १९५७ साली बाजारात आणली, १९५८ मध्ये ती कंपनी फॉर्म्युला वनमध्ये उतरली आणि १९६२ च्या ‘लोटस २५’ या गाडीत नळ्यांच्या सांगाड्याऐवजी कवचासारखी एकसंध रचना वापरून तिने सगळ्या स्पर्धकांना आपल्या मागे यायला लावले. बाहेरची कातडीच भार पेलते, अशा या रचनेला ‘मोनोकॉक’ म्हणतात, आणि आजची प्रत्येक फॉर्म्युला वन गाडी त्याच तत्त्वावर, कार्बन तंतूंपासून बनते. पुढे १९६७ मध्ये फोर्डच्या पैशातून कॉसवर्थने बनवलेले डीएफव्ही इंजिन आले आणि १९६८ पासून ते इतर संघांनाही विकत मिळू लागले. या एका इंजिनाने १९८३ पर्यंत १५५ शर्यती जिंकल्या. चांगले इंजिन दुकानातून घेता येते आणि सांगाड्याची कल्पना डोक्यात असली की पुरे, अशी ती दोन दशके होती. छोटा उत्पादक तेव्हा विजेता होऊ शकला तो त्या परिस्थितीमुळे, हे नंतर येणाऱ्यांनी फारसे लक्षात घेतलेले दिसत नाही.

मुंबईच्या खाडीपलीकडे, अलिबागजवळच्या कार्लेखिंड येथे चिंकारा मोटर्स या छोट्या कंपनीने याच लोटस सेव्हनच्या धर्तीवर एक रोडस्टर बनवली आणि तिच्यात काँटेसा गाडीतले इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन बसवले. चॅपमन यांच्या त्या साध्या गाडीची कल्पना कोकणच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली, पण लोटसने सेव्हनपासून फॉर्म्युला वनपर्यंत एका वर्षात मारलेली मजल मारणे मात्र एकविसाव्या शतकात कोणालाही शक्य राहिले नव्हते.

स्पायकरचे नाव मूळ जुने आहे. स्पायकर बंधू हे नेदरलँड्समधील बग्गी बांधणारे कारागीर होते. तेथील राजघराण्यासाठी सोन्याचा मुलामा दिलेला रथ त्यांनी बनवला, १९०३ मध्ये सहा सिलिंडरचे इंजिन आणि चारही चाकांना शक्ती पुरवणारी शर्यतीची गाडी तयार केली आणि १९०७ च्या पेकिंग ते पॅरिस या साहसी शर्यतीत त्यांची गाडी धावली. ती कंपनी १९२० च्या दशकात बंद पडली. १९९९ साली व्हिक्टर मुलर आणि मार्टेन द ब्रॉइन यांनी ते नाव पुन्हा उचलून ऑडीच्या व्ही-८ इंजिनावर चालणारी ‘सी८’ ही गाडी आणली. अ‍ॅल्युमिनियमचे अंग, विमानाच्या कॉकपिटसारखी घोटीव कळपट्टी आणि उघडा दिसणारा गिअरचा दांडा यांमुळे ती दर्दी लोकांच्या पसंतीला उतरली. कंपनीचे उत्पादन वर्षाला शंभराच्या आत होते. तिने ल माँच्या शर्यतींत भाग घेऊन पाहिले होते आणि तिथेच थांबली असती तर ती एका छोट्या उत्पादकाला परवडणारी पातळी ठरली असती, कारण त्या शर्यतींत विकल्या जाणाऱ्या गाडीचेच सुधारित रूप धावू शकते.

परंतु सप्टेंबर २००६ मध्ये स्पायकरने मिडलँड हा संघ १० कोटी ६६ लाख डॉलरना विकत घेतला. या संघाची मुळे जॉर्डन या आयरिश मालकाच्या संघात होती. एडी जॉर्डन यांनी १९९१ मध्ये इंग्लंडच्या सिल्व्हरस्टोन धावपट्टीच्या अगदी दारात ही कार्यशाळा उभी केली, त्याच वर्षी बेल्जियमच्या स्पा येथे मायकेल शूमाखरने याच संघाच्या गाडीतून पहिली शर्यत धावली आणि १९९८ मध्ये स्पा येथेच डेमन हिलने संघाला पहिला विजय मिळवून दिला. भारतीय वाचकासाठी महत्त्वाची गोष्ट अशी, की फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय चालक नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये जॉर्डनच्याच गाडीतून धावला आणि इंडियानापोलिसच्या त्या चमत्कारिक शर्यतीत, जिथे टायरच्या धोक्यामुळे बहुतेक संघांनी माघार घेतल्याने केवळ सहा गाड्या उरल्या होत्या, त्याने चौथा क्रमांक मिळवला. त्याच्या आधीच, २००५ च्या सुरुवातीला, संघ मिडलँड समूहाने घेतला होता. दीड वर्षाने तो स्पायकरकडे गेला.

स्पायकरने नेमके काय विकत घेतले, याचा विचार करायला हवा. झीवोल्डे येथील त्यांच्या कारखान्यात फॉर्म्युला वनच्या गाडीचा एकही भाग आखला जात नव्हता. गाडी सिल्व्हरस्टोनमध्येच, पूर्वीच्याच अभियंत्यांच्या हातून, तयार होत होती आणि २००७ मध्ये तिला फेरारीकडून विकत घेतलेले इंजिन लावलेले होते. नारिंगी रंग आणि कंपनीचे चिन्ह एवढेच खऱ्या अर्थाने स्पायकरचे होते. याउलट खर्च मात्र सर्व स्पायकरचा होता, आणि वर्षाला शंभरही गाड्या न विकणाऱ्या, अ‍ॅमस्टरडॅमच्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या ताळेबंदात तो मावणारा नव्हता. माइक गॅस्कॉइन यांच्यासारखा अनुभवी तांत्रिक प्रमुख आणूनही गाडी वर्षभर रांगेच्या शेवटीच राहिली.

तरीही त्या वर्षातील एका प्रसंगाची नोंद शर्यतींच्या इतिहासात कायमची राहिली आहे. जुलै २००७ मध्ये जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग येथे पाऊस येणार हे ओळखून संघाने पहिल्यांदाच शर्यतीत उतरलेल्या मार्कुस विंकेलहॉक याला पावसाच्या टायरवर, पिटमधून, म्हणजे गाड्या दुरुस्तीला थांबतात त्या गल्लीतून, सर्वांच्या मागे सोडले. पहिल्याच फेरीत मुसळधार पाऊस कोसळला, बाकीचे सगळे कोरड्या टायरवर घसरू लागले आणि रांगेतला शेवटचा चालक सर्वांच्या पुढे गेला. शर्यत थांबवून पुन्हा सुरू करताना तो पहिल्या जागेवरून निघाला. म्हणजे एकाच शर्यतीत शेवटून आणि पुढून सुरुवात करण्याचा विक्रम त्याच्या नावावर झाला. थोड्याच वेळात गाडीतील बिघाडाने तो बाहेर पडला आणि फॉर्म्युला वनमधली ती त्याची एकमेव शर्यत ठरली. हवामान ओळखण्याची समयसूचकता छोट्या संघाजवळही असू शकते, याचा हा पुरावा. पण कोरड्या हवामानात गाडीचा वेग तोच राहतो, याचाही. वर्षभरात स्पायकरला एकच गुण मिळाला, जपानच्या फूजी येथे आद्रियान सूटिलच्या आठव्या क्रमांकाने.

२००७ च्या शरद ऋतूत भारतीय उद्योगपती विजय मल्ल्या आणि त्यांचे भागीदार मिखिएल मोल यांनी तो संघ सुमारे ८ कोटी ८० लाख युरोंना विकत घेतला आणि त्याचे नाव फोर्स इंडिया झाले. व्हीजेएम ही गाडीची आद्याक्षरे विजय, यान आणि मिखिएल या नावांवरून घेतलेली होती. यान हे मिखिएल मोल यांचे वडील. मल्ल्या यांची किंगफिशर विमान कंपनी विलेपार्ल्याच्या विमानतळालगतच्या इमारतीतून बऱ्याच अंशी चालवली जात होती, त्यामुळे संघाचा मालक जरी बंगळूरुचा मानला गेला, तरी गाडीचे अनावरण मुंबईत होण्यात नवल नव्हते. सिल्व्हरस्टोनची कार्यशाळा मात्र तिथेच राहिली, आणि संघाच्या दहा-साडेदहा वर्षांच्या आयुष्यात एकाही शर्यतीत भारतीय चालक त्याच्या गाडीत बसला नाही. नावातील ‘इंडिया’ पाहून भारतीय प्रेक्षकाने मन गुंतवले. या संघात भारतीय चालकाला स्थान मिळायला हवे होते, हे मत त्या काळी अनेकांनी मांडले आणि ते आजही खोडता येत नाही.

खेळाच्या बाजूने पाहिले तर हा संघ कमी पैशात किती पुढे जाता येते याचा उत्तम नमुना होता. २००८ मध्ये एकही गुण मिळाला नाही. २००९ मध्ये मर्सिडीजचे इंजिन आले आणि ऑगस्टमध्ये स्पा येथे ज्यानकार्लो फिसिकेला याने पहिल्या जागेवरून सुरुवात करून किमी रायकोनेनच्या फेरारीमागे, सेकंदाहूनही कमी अंतराने, दुसरा क्रमांक मिळवला. या यशाचे कारण गाडीच्या आखणीत होते. ती हवेला कमी अडवणारी, सरळ रस्त्यावर वेगवान अशी बनवलेली होती, आणि स्पाची लांब सरळ धावपट्टी तिला मानवली. रायकोनेनला मात्र ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा साठवून पुन्हा वापरणाऱ्या यंत्रणेचा जादा जोर मिळाला आणि त्याने तेवढ्यावर आघाडी घेतली. पुढे २०१६ आणि २०१७ अशी दोन वर्षे संघ रचनाकारांच्या क्रमवारीत चौथा आला. त्याच्यापुढे मर्सिडीज, फेरारी आणि रेड बुल हे तीन धनाढ्य संघच होते, आणि त्यांचा खर्च यांच्या कित्येक पट होता. इंजिन आणि गिअरपेटी मर्सिडीजकडून तयार घ्यायची, आपली सगळी बुद्धी हवेच्या प्रवाहावर आणि शर्यतीच्या डावपेचांवर लावायची, ही त्यांची पद्धत होती, आणि सर्जिओ पेरेझने तिच्या बळावर पाच वेळा पहिल्या तिघांत स्थान मिळवले.

आर्थिक बाजू मात्र त्याच काळात ढासळत होती. ऑक्टोबर २०११ मध्ये सहारा समूहाने ४२.५ टक्के हिस्सा १० कोटी डॉलरना घेतला, ज्या महिन्यात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध धावपट्टीवर भारताची पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. ती शर्यत २०१३ नंतर झाली नाही. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, मल्ल्या मार्च २०१६ मध्ये देशाबाहेर गेले आणि बँकांनी कर्जवसुलीसाठी विलेपार्ल्याची ती इमारत लिलावात काढली, जी अनेक फेऱ्यांनंतर २०२१ मध्ये विकली गेली. जुलै २०१८ मध्ये देणेकऱ्यांच्या मागण्यांमुळे लंडनच्या न्यायालयाने संघ प्रशासकाच्या ताब्यात दिला. ही प्रशासकीय व्यवस्था म्हणजे दिवाळखोरी टाळून चालू व्यवसाय दुसऱ्याच्या हाती सोपवण्याची कायदेशीर रीत. कॅनडाचे उद्योजक लॉरेन्स स्ट्रोल यांच्या गटाने संघाची मालमत्ता घेतली, पण जुना परवाना सोबत न आल्याने त्या वर्षी कमावलेले ५९ गुण रद्द झाले आणि संघाला बेल्जियमपासून शून्यावरून सुरुवात करावी लागली. सुमारे ४०० नोकऱ्या वाचल्या. २०१९ आणि २०२० मध्ये रेसिंग पॉइंट या नावाने धावताना पेरेझने बहरीनमधील साखीर येथे या कार्यशाळेला विजय मिळवून दिला. स्ट्रोल यांनी २०२० मध्ये अ‍ॅस्टन मार्टिनमध्ये मोठी गुंतवणूक केल्यानंतर २०२१ पासून संघ त्या नावाने धावतो.

येथे मुंबईचा एक धागा पुन्हा दिसतो. अंधेरीत कार्यशाळा चालवणाऱ्या दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनने २००३ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात मांडलेल्या अ‍ॅस्टन मार्टिनच्या व्ही-८ व्हँटेजचा नमुना बांधला होता. त्याच कार्यशाळेने पुढे स्वतःच्या नावाची स्पोर्ट्स कार आखली: ‘अवंती’, जी जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात दिसली. तिचे २ लिटरचे रेनॉचे टर्बो इंजिन चालकाच्या पाठीमागे बसवलेले होते आणि तिचे पुढचे उत्पादन पुणे परिसरात झाले. मातीच्या पूर्णाकृती नमुन्यापासून पत्र्याच्या किंवा तंतुमय अंगापर्यंत गाडी उभी करण्याचे कसब अंधेरीच्या कारागिरांजवळ होते, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. अवंती शर्यतीत का उतरली नाही, याचे उत्तर कसबात नसून व्यवस्थेत सापडते. ल माँसारख्या शर्यतीत उतरवायची गाडी आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाकडून प्रमाणित व्हावी लागते, तिच्या मूळ गाडीचे ठरावीक संख्येने उत्पादन झालेले असावे लागते आणि ती दर शर्यतीत नीट चालावी म्हणून सुटे भाग, चाचण्या व अभियंते यांची साखळी कायम उभी लागते. भारतात चेन्नईजवळ, कोइमतूरला आणि ग्रेटर नोएडाला धावपट्ट्या आहेत. महाराष्ट्रात कोल्हापूरचा छोटा मोहिते ट्रॅक सोडला तर उच्च दर्जाची धावपट्टी नाही, आणि मुंबई उपनगरातल्या अभियंत्याला आपली गाडी कुठे घेऊन जावी हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

मुंबईच्याच एका दुसऱ्या कंपनीने याहून शहाणपणाची वाट निवडली असे म्हणावे लागेल. कांदिवलीच्या आकुर्ली रस्त्यावर कारखाना असलेली महिंद्रा ही छोटी नाही आणि स्पोर्ट्स कारसाठी प्रसिद्धही नाही. पण तिने फॉर्म्युला वनला हात न लावता २०१४ मध्ये बीजिंगला सुरू झालेल्या फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांच्या मालिकेत पहिल्या दिवसापासून संघ उतरवला. या मालिकेत सांगाडा आणि बॅटरी सर्वांना सारखीच मिळते. उत्पादकाने मोटर, विजेचा प्रवाह नियंत्रित करणारा इन्व्हर्टर आणि गिअर यांवर आपले कौशल्य लावायचे असते, त्यामुळे खर्च मर्यादेत राहतो आणि मिळालेले ज्ञान विकण्याच्या गाडीत थेट उपयोगी पडते. जून २०१७ मध्ये बर्लिनला फेलिक्स रोसेनक्विस्टने महिंद्राला पहिला विजय मिळवून दिला. विशेष म्हणजे छोट्या स्पोर्ट्स कारचा उत्पादकही महिंद्राने आपल्याच घरात उभा केला: पिनिनफारिना ही इटालियन रचना-संस्था घेऊन २०१८ मध्ये तिच्या नावाने वेगळी कंपनी स्थापन केली आणि १,९०० अश्वशक्तीची, केवळ १५० संख्येने बनणारी विजेवरची ‘बातिस्ता’ आणली. छोटा उत्पादक मोठ्या घराच्या आधाराने उभा करायचा आणि शर्यतीचा खर्च मोठ्या घराच्या खात्यावर ठेवायचा, ही मांडणी स्पायकरच्या नेमकी उलट आहे.

माणसांच्या बाबतीतही हेच खरे ठरते. फोर्स इंडियाने २०११ मध्ये देशभर घेतलेल्या चाचणीतून निवडलेल्या मुलांमध्ये मुंबईचा जेहान दारूवाला होता. तो फॉर्म्युला टू या खालच्या पायरीवर २०२० मध्ये पोहोचला, त्याच वर्षअखेरीस बहरीनमध्ये जिंकला आणि २०२४ मध्ये मासेराटीच्या संघातून फॉर्म्युला ईमध्ये धावला. त्या नावाचा संघ आज राहिला नाही, पण त्याने एका मुलाला दिलेली वाट राहिली. आणि कोणत्याही छोट्या उत्पादकाने सर्वोच्च शर्यतीवर खर्च केलेल्या पैशातील एवढाच भाग मागे टिकतो असे दिसते.

स्पायकरचे पुढे काय झाले, ते थोडक्यात सांगता येते. २०१० मध्ये तिने साब ही स्वीडिश मोटार कंपनी विकत घेतली, साब डिसेंबर २०११ मध्ये दिवाळखोर ठरली आणि स्पायकरवरही डिसेंबर २०१४ मध्ये तीच वेळ आली. ती पुढच्या महिन्यात टळली, पण नंतर पुन्हा आली. सिल्व्हरस्टोनच्या कार्यशाळेत मात्र अ‍ॅस्टन मार्टिनने २०२३ मध्ये नवी, प्रशस्त इमारत उभी केली, त्याच वर्षी फर्नांडो अलोन्सोने आठ वेळा पहिल्या तिघांत स्थान मिळवले आणि संघ पाचवा आला. ज्यांनी पैसा घातला त्यांची नावे बदलली. १९९१ पासून गाडी बनवणारे हात त्याच गावात, त्याच रस्त्यावर काम करत राहिले. आपल्याकडे पुढची स्पोर्ट्स कार अंधेरीतून, अलिबागेतून किंवा पुण्यातून येईल तेव्हा तिच्या निर्मात्याने आधी धावपट्टी, चाचणी आणि अभियंते यांची व्यवस्था उभी करावी, खालच्या पायऱ्यांवर काही वर्षे धावावे आणि मगच वरच्या संघाच्या किमतीकडे पाहावे. आणि महाराष्ट्र शासनाने व वाहन उद्योगाने एकत्र येऊन मुंबई-पुणे पट्ट्यात एक प्रमाणित धावपट्टी बांधावी, ही मागणी आता सातत्याने लावून धरायला हवी.